आजोबांची तीन सेलची बॅटरी पॉलिशला देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: गावच्या घराचा माळा आवरताना आजोबांची तीन सेलची पितळी बॅटरी सापडली. आजोबा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाटाचं पाणी सोडणारे होते. काच शाबूत आहे, मुलामा निम्मा उडालाय, आत सेल फुगून अडकलेत आणि मागच्या टोपणाजवळ ठिपक्या-ठिपक्यांची काहीतरी खूण आहे. पॉलिशवाला म्हणतो, सोन्यासारखी करून देतो. द्यावी का? तिला काही किंमत आहे का? आणि अशा जुन्या विजेऱ्या जमवायच्या तर सुरुवात कुठून करायची?

पॉलिशचं आधी सांगतो, कारण त्यालाच घाई आहे. देऊ नका. दिली असेल तर आजच जाऊन परत आणा.

कारण ते ठिपके. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे हे तुम्हाला सांगायला नको. लग्नातला हंडा असो की डोहाळजेवणातलं ताट, दुकानातच कोरणीनं बारीक ठिपके मारून नाव, गाव, तारीख घालून मिळायचं. एके काळी गावाकडच्या लग्नात जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ देत, त्याच रांगेत बॅटरीही असायची, आणि तिच्यावरही नाव पडायचं. माझ्या संग्रहातल्या अकरा विजेऱ्यांवर अशी नावं आहेत. एकीवर 'मामाकडून' एवढंच आहे. हे ठिपके केसाच्या जाडीएवढेही खोल नसतात. बफिंगचं चाक वर टेकलं की पंधरा-वीस सेकंदांत सपाट.

मला हे एका चुकीतून कळलं. १९९८ साली वाई तालुक्यातल्या एका घरातून मी दोन सेलची बॅटरी घेतली आणि एका पॉलिशवाल्याकडून चकचकीत करून आणली. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो, तर ज्या आजींनी ती दिली होती त्यांनी विचारलं, "तिच्यावर आमच्या ह्यांचं नाव होतं, ते वाचता येतं का अजून?" ते नाव मी पाहिलंच नव्हतं, आणि आता ते कुठेच नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे आलेली कुठलीही विजेरी आधी वाचली जाते, मग पुसली जाते.

तुम्हीही तेच करा. रात्री खोली अंधारी करून बॅटरी टेबलावर आडवी ठेवा. मोबाइलचा दिवा तिच्या अंगाला जवळजवळ समांतर धरा, वरून नको. तिरप्या उजेडात प्रत्येक ठिपक्याची सावली पडते आणि समोरून न दिसणारी अक्षरं उठून येतात. नळी थोडी थोडी फिरवत फोटो काढा. अक्षर लागत नसेल तर पातळ कागद गुंडाळून शिसपेन्सिलीची कड हलक्या हातानं फिरवा. फक्त नाव शोधू नका. कडीला बांधलेल्या सुतळीचा तुकडा, नळीवर चढवलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी, भांडी सांधणाऱ्यानं दिलेला डाग, दगडावर आपटून पडलेला पोचा, हे सगळं तुमच्या आजोबांच्या हातचं आहे. पाटकऱ्याचं काम रात्रीच्या पाळीचं. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात ही. तिचा मुलामा बोटं टेकायची तिथेच जास्त झिजला असेल, नीट पाहा.

आता वय. विजेरीवर साल छापलेलं जवळजवळ कधीच नसतं, त्यामुळे चारी बाजूंनी पुरावे गोळा करावे लागतात.

नळीवर किंवा टोपणावर बहुधा फक्त ब्रँड असतो. तो एव्हरेडी असेल तर तुमचं काम सोपं आहे, कारण या कंपनीनं वेळोवेळी नाव बदललं. भारतात १९३४ साली एव्हरेडी कंपनी (इंडिया) म्हणून तिची नोंदणी झाली. १९४१ मध्ये ती नॅशनल कार्बन कंपनी (इंडिया) झाली, १९५९ च्या शेवटी युनियन कार्बाइड इंडिया, आणि १९९५ पासून एव्हरेडी इंडस्ट्रीज. सेलच्या वेष्टनावर, खोक्यावर, हमीपत्राच्या चिठोऱ्यावर यातलं कुठलं नाव आहे ते पाहा, काळाची चौकट लगेच मिळते. युनियन कार्बाइड हे नाव आपल्याला २-३ डिसेंबर १९८४ च्या भोपाळच्या रात्रीमुळे माहीत आहे. ज्या लाल सेलवर आपल्या घरी बॅटरी पेटायची, त्या सेलवरही तेच नाव होतं. माझ्याकडचा त्या काळातला प्रत्येक सेल हातात घेताना मला ते आठवतं, आणि आठवावं असंच मला वाटतं.

या कंपनीचा टॉर्चचा कारखाना लखनौला १९५८ मध्ये सुरू झाला. त्यामुळे त्याआधीची एव्हरेडी हातात आली तर 'मेड इन' पुढे काय आहे ते डोळ्यांत तेल घालून वाचा. इंग्लंडची 'एव्हर रेडी' दोन शब्दांत लिहायचे आणि ती कंपनी वेगळी होती. अमेरिकेतही सुरुवातीच्या वर्षांत नाव दोन शब्दांतच होतं, नंतर ते जोडलं गेलं. 'एम्पायर मेड' असा शिक्का असेल तर माल बहुतेक हाँगकाँगचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून जगभर टॉर्च जायच्या.

भारतीय नावांत अलाहाबादची जीप आणि मुंबईची एस्ट्रेला ही दोन नावं तुम्हाला सारखी भेटतील. धारावीत एस्ट्रेलाच्या आवाराचं नाव आजही पत्त्यात टिकून आहे. बडोद्याची नोव्हिनो आणि दक्षिणेतली निप्पो १९७२ नंतरच्या, त्यांचे सेल आत सापडले तर बॅटरी त्यानंतरही वापरात होती हे नक्की.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, नवखे संग्राहक हमखास इथेच चुकतात. आतला सेल बॅटरीचा जन्म सांगत नाही, ती शेवटची कधी पेटली ते सांगतो. तुमच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं घातलेले शेवटचे तीन सेल त्या नळीत आहेत. म्हणून ते काढताना वेष्टनाचा जो तुकडा वाचण्याजोगा निघेल तो जपा.

मुलाम्यावरूनही काही कळतं. निकेलची छटा किंचित पिवळसर, उबदार असते. क्रोमची निळसर, आरशासारखी. क्रोमचा मुलामा बाजारात आला तो १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर, तेव्हा मूळचा क्रोम असेल तर बॅटरी त्याआधीची असू शकत नाही. उलट बाजूनं मात्र हे खरं नाही. निकेलची बॅटरी जुनीच असेल असं नाही, कारण निकेल स्वस्त होतं आणि पुढेही वापरलं गेलं. खोकं मिळालं तर फारच छान. किंमत नव्या पैशांत छापली असेल तर १९५७ ते १९६४ चा काळ. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मी एका खोक्याचं वय फक्त या पिन कोडवरून दहा वर्षांनी खाली आणलंय. विकणाऱ्याला ते आवडलं नाही, पण खोकं खोटं बोलत नव्हतं.

अडकलेल्या सेलचं नीट वाचा. नव्वद टक्के जुन्या विजेऱ्या याच पायरीवर मरतात.

साध्या सेलमध्ये जस्ताची डबी हेच ऋण टोक असतं. मध्ये कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा लगदा आणि नवसागराची खळ. सेल जसजसा वापरला जातो तसतशी ती डबीच खर्ची पडते. शेवटी तिला भोकं पडतात, आतलं मीठ बाहेर येतं, पितळाला लागतं आणि नळी व सेल यांच्यामध्ये सिमेंटसारखं घट्ट होतं. दह्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक दिसतो, तो याचाच.

आणि हा नवसागर साधा नाही. तो अमोनियाचा क्षार आहे आणि अमोनिया पितळाचा जुना वैरी आहे. ब्रिटिश फौजेला हे आपल्याच देशात अनुभवायला मिळालं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं कोणी हात न लावता आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि काडतूस ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिन्हींचा तो परिणाम होता. त्याचा नीट उलगडा १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेरीची नळीही अशीच ओढून घडवलेली असते. त्यामुळे गळका सेल आत ठेवून 'नंतर बघू' म्हणणं महाग पडतं, आणि ज्या पॉलिशला अमोनियाचा वास येतो ते पितळी विजेरीजवळ आणायचंच नाही.

सेल काढायची माझी रीत अशी. रबरी हातमोजे घाला, कारण जुन्या सेलमध्ये थोडा पाराही असायचा. खाली वर्तमानपत्र पसरा. मागचं टोपण फिरत नसेल तर पक्कड लावू नका, त्यावरची नक्षीदार खरबरीत कड एकदा चेमटली की परत येत नाही. आट्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हातानंच फिरवा. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. मी एका टोपणासाठी नऊ दिवस थांबलोय.

मग पुढचं डोकं काढा. काच, रिफ्लेक्टर, बल्ब वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा आणि नळी मागची बाजू खाली करून उभी ठेवा. पाणी बटणाच्या खालपर्यंतच हवं. बटणाखाली कागदाच्या किंवा लाल फायबरच्या चकत्या असतात, त्या भिजल्या की फुगतात आणि बटण कायमचं बसतं. दिवसातून दोनदा पाणी बदला. दोन-तीन दिवसांनी डोक्याकडून लाकडी दांडा घालून मागच्या दिशेनं हलके ठोके द्या. मागून पुढे ठोकू नका, कारण पुढे तोंड बहुधा अरुंद असतं आणि आतली पितळी पट्टी दुमडते. ती पट्टी गेली की बटणापासून बल्बपर्यंतचा वीजमार्गच तुटतो.

एवढ्यानंही सेल हलला नाही तर मागून सेलच्या बुडात लाकडात घालतात तसा लांब स्क्रू हातानं फिरवत घाला आणि ओढा. विजेवर चालणारं ड्रिल नको. हे फक्त साध्या जस्त-कार्बन सेलसाठी आहे. आत अल्कलाइन सेल असेल, म्हणजे हातात घेतल्यावर जड आणि तोंडाशी पांढरी पिसासारखी बुरशी, तर त्याला भोक पाडू नका. त्यातला द्रव कॉस्टिक पोटॅश असतो, डोळ्यात गेला तर डोळा जाईल. तिथे सोडाही चालत नाही, व्हिनेगर लागतं. तुमच्या वर्णनावरून तुमचे सेल साधेच वाटतात. काढलेले सेल बंबात किंवा शेकोटीत टाकू नका, पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या.

सेल निघाले की नळी आतून मऊ ब्रशनं, सोड्याच्या आणि मग स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच कोरडी करा. बाहेरून ओल्या सुती फडक्यानं माती, तेल, कोळिष्टकं पुसा. इथे थांबा. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, हे समईला आणि तांब्या-भांड्याला योग्यच. तिथे अख्खं अंग पितळाचं असतं आणि रोज घासायचं असतं. विजेरीवरचा मुलामा मात्र कागदाहूनही पातळ असतो. तो जिथे उडालाय तिथे आंबट पदार्थ शिरतो आणि शेजारचा टिकलेला मुलामाही खालून सोडवतो. रिफ्लेक्टरला तर बोटसुद्धा लावू नका. जुन्या चांगल्या बॅटऱ्यांत तो चांदीचा मुलामा दिलेला असतो, कोरड्या फडक्याचा एक फेरा त्याला कायमचा आंधळा करतो. धूळ फुंकणीनं उडवा, बस. सगळं झाल्यावर बाहेरून पातळ मेणाचा एक हात द्या. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतात, ते मिळालं तर उत्तम.

किंमतीचं विचारलंत. सरळ सांगतो: बाजारात तुमच्या बॅटरीला मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे येतील, त्याहून फार नाही. अशा लाखो बनल्या. पण दुर्मिळ या शब्दाचा अर्थ मला या छंदात वेगळाच कळला, आणि संग्रह सुरू करायचा असेल तर तो आधी सांगायला हवा.

जगातली सगळ्यात मानाची विजेरी म्हणाल तर न्यूयॉर्कची. डेव्हिड मिसेल या ब्रिटिश संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी नळीच्या आकाराच्या दिव्याचं पेटंट मिळालं, क्रमांक ६१७५९२. मिन्स्कहून अमेरिकेत आलेल्या कॉनराड ह्युबर्ट यांच्या कंपनीनं तो दिवा बाजारात आणला. हीच कंपनी पुढे एव्हरेडी झाली. नळी कागदाची, टोकं पितळेची. तेव्हाचे सेल इतके दुबळे आणि बल्बमधली कार्बनची तार इतकी खादाड की दिवा क्षणभर लावायचा आणि सोडायचा. इंग्रजीत त्याला 'फ्लॅशलाइट' म्हणतात ते या क्षणभराच्या उजेडामुळेच. टंगस्टनची तार आल्यावर खरा झोत आला. त्या काळातल्या विजेऱ्या आज अमेरिकेतल्या संग्राहकांकडे जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्यावर पुस्तकं आहेत, वर्षानुसार यादी आहे. म्हणजे त्या सांभाळणारे लोक आहेत.

आता सांगा, १९६५ सालची जीपची तीन सेलची बॅटरी, मूळ बल्ब, मूळ खोकं आणि विकत घेतल्याची पावती अशी कोणाकडे आहे? ती शेतकऱ्याच्या खुंटीला होती, पोलीस पाटलाच्या उशाशी होती, सुईणीच्या पिशवीत होती. बिघडली, प्लॅस्टिकची आली, आणि पितळ वजनावर मोडीत गेलं. मी सत्तावीस वर्षांत दोनशे चाळीसच्या आसपास विजेऱ्या जमवल्या. त्यात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना फिलिप्सनं आइंडहोवनला बनवलेली मुठीत दाबून चालणारी डायनामोची आहे. डच लोक तिला 'चिमटीतलं मांजर' अशा अर्थाचं नाव देतात, आणि दाबली की ती खरंच गुरगुरते. तीही मला प्रिय आहे. पण मी रात्री जागून ज्यांच्यासाठी हळहळतो त्या विजेऱ्या अलाहाबादच्या, मुंबईच्या, लखनौच्या आहेत. त्या लाखांनी बनल्या म्हणूनच कोणी ठेवल्या नाहीत.

म्हणून सुरुवात इथूनच करा. पहिली पाच वर्षं परदेशी मालाकडे बघू नका. स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरांचे माळे, कोठ्या, गोठ्यातली फडताळं पाहा. मग तालुक्याच्या गावातली जुनी इलेक्ट्रिकची आणि सायकलची दुकानं. तिथे मागच्या फळीवर न विकला गेलेला माल असतो, आणि तिथे बॅटरी मागण्याआधी बल्ब मागा. अडीच व्होल्टचे, ३.८ व्होल्टचे, पाच सेलच्या बॅटरीचे सव्वासहाच्या आसपासचे. बल्ब आता बॅटरीपेक्षा दुर्मिळ होत चाललेत, आणि बल्ब मागणाऱ्याला दुकानदार गंभीरपणे घेतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईला चोर बाजारात मटण स्ट्रीट. भंगारवाल्याशी ओळख ठेवा आणि त्याला सांगून ठेवा की विजेरी आली तर चेपू नको, मी वजनापेक्षा जास्त देईन. हा शब्द पाळा. माझा निम्मा संग्रह दोन भंगारवाल्यांमुळे वाचलाय.

घरातून घेताना वागणं स्वच्छ ठेवा. म्हातारी बाई वीस रुपयांत द्यायला तयार आहे म्हणून वीसच देऊ नका. तिला वस्तू काय आहे ते सांगा, वाजवी पैसे द्या आणि कोणाची होती, कशाला वापरायची ते विचारून तिच्यासमोर लिहून घ्या. कित्येकदा हे सांगितल्यावर घरचे ती विकत नाहीत, स्वतः ठेवतात. मला त्याचा आनंदच होतो.

बनावट मालाबद्दल दोन गोष्टी. मुरादाबाद आणि रुरकीकडे पितळेची नवी 'जहाजी' उपकरणं आणि दिवे मोठ्या प्रमाणात बनतात. त्यात वाईट काही नाही, पण ते जुने म्हणून विकले जातात तेव्हा फसवणूक होते. खऱ्या वापरलेल्या विजेरीत आत सेलचे ओरखडे असतात, स्प्रिंगवर मीठ असतं, झीज हाताच्या जागी असते. सगळीकडे सारखा काळपटपणा आणि आट्यांत चकचकीत पितळ दिसलं की सोडून द्या. दुसरी गोष्ट, काटकोनात वळलेली लष्करी बॅटरी. अमेरिकन सैन्याची दुसऱ्या महायुद्धातली टीएल-१२२ आधी पितळी होती, नंतर प्लॅस्टिकची झाली. महायुद्धात अमेरिकन फौजा भारतातही होत्या, त्यामुळे ती इथे सापडणं अशक्य नाही. पण बाजारात जे हिरवं प्लॅस्टिक दिसतं ते बहुतांशी तिच्या नंतरच्या एमएक्स-९९१/यू या बॅटरीची नक्कल असतं. शिक्का वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

एक नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. लांबी, व्यास, सेलची संख्या, बल्बवरचा आकडा, सगळे शिक्के जसेच्या तसे, कुठून आली, कोणी दिली, ती व्यक्ती काय म्हणाली. मी पहिली चार वर्षं लिहिलं नाही, आणि त्या काळातल्या विजेऱ्या आज माझ्या कपाटात मुक्या आहेत.

ठेवायचं कसं ते थोडक्यात: सेल काढून, सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, चामड्याच्या पिशवीत नको. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडून पाहा.

तुमची बॅटरी पेटवायचीच असेल, आणि मी म्हणेन पेटवा, तर जुना बल्ब उडालेला असला तरी फेकू नका, पुडीत बांधून तिच्याजवळच ठेवा. नवा ३.८ व्होल्टचा घ्या. तीन सेल मिळून साडेचार व्होल्ट होतात, पण बल्ब पेटला की दाब उतरतो, म्हणून बल्ब कमी आकड्याचा असतो. एलईडी बसवायला हरकत नाही, त्याच आट्यांचे मिळतात, फक्त नळी कापू नका, भोक पाडू नका आणि साडेतीन-चार व्होल्टचे लिथियम सेल एकामागे एक कोंबू नका. पट्टी आणि स्प्रिंगचं टोक पेन्सिलीच्या खोडरबरानं घासा, तेवढ्यानं बहुतेक बॅटऱ्या चालू होतात. बटण तरीही अडलं तर उघडायच्या आधी त्याचा फोटो पाठवा, त्यात एक बारीक स्प्रिंग असते, ती उडाली की सापडत नाही.

सेल नवे, एकाच कंपनीचे, तिन्ही एका दिवशी घेतलेले घाला. रात्री अंगणात जा, वीस-पंचवीस पावलांवरच्या भिंतीवर झोत टाका. मध्ये काळा डाग दिसेल. डोकं हळूहळू फिरवत राहा, बल्बची तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या जागी आली की डाग मिटून झोत एकवटतो. आजी असतील तर त्यांना तेव्हा बाहेर बोलवा, आजोबा रात्री किती वाजता निघायचे, कुठल्या चारीवर जायचे, सेल कुठून आणायचे ते विचारा आणि त्याच रात्री वहीत लिहा. झोपण्याआधी सेल काढून ठेवा.